जुन्या बुलेटसाठी स्टेनलेसचा सायलेन्सर : उद्यमनगरातील एका वर्कशॉपचे परीक्षण

आमच्या घरी १९८६ सालची साडेतीनशेची बुलेट आहे. वडिलांनी ती जपून वापरली आणि आता मी वापरतो. सत्तर मिलीमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), नव्वद मिलीमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव) आणि ओतीव लोखंडाचे सिलिंडर असलेले हे इंजिन नीट निगा राखली तर पिढी ओलांडून चालते. त्याचा सायलेन्सर मात्र टिकत नाही. गेल्या अकरा वर्षांत मी बाजारातले तीन तयार सायलेन्सर बसवले आणि तिन्ही वेळा घडले ते एकच : बाहेरचा क्रोम आरशासारखा चकचकीत असतानाच एके दिवशी सायलेन्सरच्या तळातून तांबूस पाण्याचे थेंब अंगणातल्या शहाबादी फरशीवर पडू लागले, आणि महिन्याभरात तिथे बोट जाईल एवढे भोक पडले. तिसऱ्या वेळी मी दुकानात न जाता कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेलो आणि स्टेनलेस स्टीलचा सायलेन्सर करून घेतला. त्याला आता दोन पावसाळे होऊन गेले आहेत, म्हणून त्याविषयी जबाबदारीने काही लिहिता येईल असे वाटते.

वर्कशॉपचे नाव मी देत नाही, कारण मालकांनी तशी विनंती केली आहे. सायलेन्सरचे काम करणारे ठिकाण म्हटले की ‘इंदोरी’ किंवा ‘पंजाबी’ नावाचा कानठळ्या बसवणारा आवाज मागणाऱ्या मुलांची रीघ लागते, आणि ते काम त्यांना करायचे नाही. दारातच पाटी आहे : ‘आवाज वाढवून मिळणार नाही.’ ही पाटी वाचूनच माझा निम्मा निर्णय झाला होता. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करू देत नाही, आणि आवाजाची मर्यादा मोडल्यास कलम १९० खाली दंड व कैद दोन्हींची तरतूद आहे. आपल्याकडच्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. मालकांचे म्हणणे त्याहून साधे होते. ज्या वस्तूचे नावच आवाज बंद करणारी वस्तू असे आहे, ती आवाज वाढवण्यासाठी बनवणे त्यांना पटत नाही.

तयार सायलेन्सर आतूनच का गळतो, हे आधी समजून घ्यावे लागते, कारण धातूची निवड त्यावरच ठरते. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण तेवढेच, म्हणजे लिटरभराच्या आसपास पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी लांब पल्ल्याला गेली तर सायलेन्सर पुरता तापतो आणि ही वाफ बाहेर निघून जाते. पण माझ्यासारखा माणूस राजारामपुरीतून निघून दोन-तीन किलोमीटरवर गाडी बंद करतो, तेव्हा वाफेचे थंड पत्र्यावर पाणी होते, ते तळाशी साचते आणि ज्वलनातून आलेले आम्लाचे अंश त्यात मिसळतात. बीएस-६ पेट्रोलमध्ये गंधकाचे प्रमाण १० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दहा भाग) खाली आल्यामुळे आम्लाचा जोर पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. पाणी मात्र तेवढेच आहे. बाजारातल्या सायलेन्सरचा पत्रा साध्या लोखंडाचा असतो आणि क्रोमचा मुलामा फक्त बाहेरून दिलेला असतो, त्यामुळे जिथे खरी लढाई चालते तिथे पत्रा उघडाच असतो.

स्टेनलेस हा उपाय मला आधीही सुचला होता आणि त्यात मी एकदा फसलोही होतो. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी मी ‘३०४ ग्रेड’ म्हणजे चांगल्या प्रतीचे स्टेनलेस म्हणून पैसे मोजून बेंड पाईप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतची वाकडी नळी) करून घेतला आणि सहा महिन्यांत वेल्डिंगच्या कडेने त्याला गंज चढला. तो पाईप मी या वर्कशॉपमध्ये नेऊन दाखवला. मी खिशातला लोहचुंबक काढला तेव्हा मालक म्हणाले, ‘‘साहेब, चुंबकानं ह्यातलं काय कळत नाही बघा. २०२ पण चिकटत नाही आणि ३०४ पण चिकटत नाही.’’ मग त्यांनी कपाटातून एक छोटी बाटली आणि नऊ व्होल्टची बॅटरी आणली, पाईप घासून स्वच्छ केला, त्यावर एक थेंब टाकला आणि बॅटरीची दोन टोके टेकवली. थेंब पाहता पाहता लाल झाला. शेजारी त्यांच्या साठ्यातला पत्रा ठेवून तीच चाचणी केली तेव्हा थेंब तसा लाल झाला नाही. २०२ या स्वस्त ग्रेडमध्ये महाग निकेलची जागा बऱ्याच अंशी मँगनीजने भरून काढलेली असते, आणि हे द्रव त्या मँगनीजचीच ओळख पटवते. ही ढोबळ चाचणी आहे, अचूक टक्केवारी हवी असेल तर प्रयोगशाळेतच जावे लागते. पण गिऱ्हाइकासमोर आपल्याच मालावर थेंब टाकून दाखवणारा कारागीर मला त्याआधी भेटला नव्हता.

धातू निवडताना त्यांनी माझ्याकडून आधी गाडीचा वापर विचारून घेतला : रोज किती किलोमीटर, पावसात गाडी कुठे उभी असते, कोकणात जाणे होते का. मोटारींच्या कारखान्यांत सायलेन्सरला सर्रास वापरला जाणारा ४०९ ग्रेड त्यांनी पहिल्यांदा पुढे केला. त्यात क्रोमियम सुमारे ११ टक्के असते, निकेल जवळजवळ नसते, तो चुंबकाला चिकटतो आणि तापल्यावर फार पसरत नाही. किंमत आणि टिकाऊपणा यांचा मेळ घालायचा तर तो उत्तमच. त्याच्यावर वरवरचा तपकिरी गंज येतो, पण पत्रा आरपार खाल्ला जात नाही. जुन्या बुलेटवर मात्र सायलेन्सर सगळ्यांच्या नजरेसमोर असतो आणि तो तपकिरी थर मला पाहवला नसता. शिवाय या ग्रेडचा एकच पत्रा किरकोळीत मिळणे कठीण असते.

त्यामुळे निवड ३०४ वर आली, आणि त्यातही ३०४ एल वर. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल दोन्हींत सारखेच, फरक कार्बनचा. साध्या ३०४ मध्ये कार्बन ०.०८ टक्क्यापर्यंत चालतो, तर एल मध्ये ०.०३ टक्क्यापर्यंतच. एवढ्याशा फरकाने काय होते असे वाटेल, पण वेल्डिंगच्या वेळी सांध्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान तापतो. त्या तापमानात धातूतला कार्बन क्रोमियमला ओढून घेऊन कणांच्या सीमांवर जाऊन बसतो आणि तिथला भाग क्रोमियमविना उघडा पडतो. माझ्या जुन्या पाईपला नेमका वेल्डिंगच्या कडेनेच गंज का चढला, त्यात २०२ च्या फसवणुकीबरोबर याचाही हात असावा. मालवण-वेंगुर्ल्याकडे राहणाऱ्या माणसाने मात्र ३१६ चा विचार करावा, कारण त्यातले दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम खाऱ्या हवेतील क्लोराइडला तोंड देते. मी वर्षातून दोनदा तिकडे जातो, तेवढ्यासाठी तो खर्च करण्याची गरज नव्हती.

टायटॅनियमचा विषय मीच काढला. वजनाने ते स्टीलच्या जेमतेम सत्तावन्न टक्के भरते आणि त्याला गंज चढत नाही. मालकांनी दोन वाक्यांत तो विषय संपवला : तापलेल्या टायटॅनियमला हवा लागता कामा नये, म्हणून वेल्डिंगच्या पुढे-मागे आणि आतून-बाहेरून आर्गन वायूचे आवरण धरावे लागते आणि तशी व्यवस्था त्यांच्याकडे नाही, शिवाय पावणेदोनशे किलोच्या गाडीवर किलो-दीड किलो वाचवून काही साधत नाही. जे काम आपल्याला पूर्ण नेटाने जमत नाही ते घेऊ नये, हे त्यांचे धोरण मला फार मोलाचे वाटले.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. मूळ सायलेन्सरचा नमुना मी नेला होता. त्यांनी तो लांबीने उभा कापून आतल्या कप्प्यांची आणि जाळीच्या पाईपची मापे काढली, आणि बाहेरची लांबी, व्यास व आतली रचना तशीच ठेवायची असे ठरले. पत्रा दीड मिलीमीटरचा घेतला. १.२ मिलीमीटरचा पत्रा स्वस्त पडतो आणि वळवायला सोपा जातो, पण एका सिलिंडरच्या इंजिनाच्या ठोक्यांनी तो डब्यासारखा खणखणतो, आणि हा खणखणाट आतल्या कोणत्याही बॅफलने (आडव्या पडद्याने) थांबत नाही, कारण तो वायूचा आवाज नसून पत्र्याचाच असतो.

जाळीच्या पाईपची भोके कशी पाडायची, यावर बराच वेळ बोलणे झाले. तयार पाईपला ड्रिलने शेकडो भोके पाडणे हा एक मार्ग. पण ३०४ ला कापताना एक खोड असते : हत्याराची धार कापायच्या ऐवजी क्षणभर जरी नुसती घासली, तरी तेवढा पृष्ठभाग कडक होतो आणि पुढच्या फेरीत हत्यारच झिजते. त्यात स्टेनलेस उष्णता वाहून नेण्यात लोखंडाच्या निम्माही नाही, म्हणून सगळी उष्णता धारेच्या टोकावरच साठते. वक्र पाईपवर ड्रिल घसरते, घसरले की घासते, आणि आत राहिलेली बर (भोकाच्या कडेची धारदार कोर) काढायला हात पोहोचत नाही. म्हणून त्यांनी शिरोलीच्या एमआयडीसीतून सपाट पत्र्यावरच लेझरने भोके कापून आणली, तीही नायट्रोजन वापरून. ऑक्सिजनने कापले तर कडेवर काळा थर बसतो आणि तो थर वेल्डिंगला व गंजरोधाला दोन्हींना बाधतो. कापलेली कड मी बोटाने चाचपून पाहिली. ती काचेसारखी स्वच्छ होती. मग तो पत्रा तीन रोलरच्या मशीनवर गोल करून एकच सरळ शिवण मारली. रोलिंग करताना भोके किंचित लांबट होतात, ती तेवढी चालतात.

दोन्ही टोकांचे निमुळते भाग स्पिनिंगने (फिरता पत्रा साच्यावर दाबून) करता आले असते, पण ३०४ साच्यावर दाबताना मध्येच कडक होऊन चिरतो, आणि तो पुन्हा मऊ करायला हजार अंशांहून अधिक तापवावा लागतो. एका नगासाठी हा खटाटोप परवडणारा नाही. म्हणून पत्र्याचा विस्तार काढून, कापून, शंकू वळवला आणि शिवण चाकाच्या बाजूला येईल असा बसवला. लेथवर काम झाले ते फक्त बेंड पाईपवर बसणाऱ्या कॉलरचे. तिथे उभे राहून पाहण्यासारखे होते. टर्नर वयस्कर होते. त्यांनी वेग कमी ठेवला, फीड (टूल पुढे सरकण्याची गती) न थांबवता एकसारखा दिला आणि कूलंटची धार टोकावरून हलू दिली नाही. चिप लांबलचक न निघता छोट्या कड्यांसारखी तुटून ट्रेमध्ये पडत होती. लांब, निळी पडलेली, गुंतलेली चिप निघू लागली की टूल बदलायचे, हा त्यांचा दंडक. शेवटच्या फेरीत इतका कमी काप घेऊ नये की टूल नुसतेच घासेल, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. अनेक जण गुळगुळीतपणासाठी नेमके तेच करतात.

या वर्कशॉपला मी सगळ्यात जास्त गुण देईन ते वेल्डिंगला. आपल्याकडे ज्याला ‘आर्गन मारणे’ म्हणतात ते टिग वेल्डिंग आता गल्लोगल्ली होते, पण बहुतेक ठिकाणी आर्गन फक्त बाहेरून, टॉर्चमधून येतो. सांध्याची आतली बाजूही त्याच वेळी लालबुंद झालेली असते आणि तिला हवा लागली की तिथे काळी, खरखरीत, जळक्या साखरेसारखी खपली धरते. बाहेरून शिवण कितीही देखणी असली तरी सायलेन्सरमध्ये पाणी साचते ते आतल्या बाजूला, आणि गंजाची सुरुवात त्या खपलीखालीच होते. इथे त्यांनी दोन्ही टोके अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद केली, एका टोकातून बारीक नळीने आर्गन सोडला, दुसऱ्या टोकाला सुईएवढे छिद्र ठेवले आणि आतली हवा निघून जाईपर्यंत काही मिनिटे थांबले. मगच टॅक (जागा धरून ठेवणारे छोटे ठिपके) मारले. भरणीची तार ३०८ एल ची होती. जिथे स्टेनलेसला गाडीच्या लोखंडी पट्टीशी जोडायचे होते तिथे ३०९ एल ची घेतली, कारण दोन वेगळ्या धातूंच्या मिश्रणातही तिचे क्रोमियम-निकेल पुरून उरते. शेवटचे झाकण लावण्यापूर्वी मोबाइलचा दिवा टाकून मला आतली शिवण दाखवली. ती फिकट सोनेरी होती. शेवटी बाहेरच्या सांध्यांवर पिकलिंग पेस्ट (वेल्डिंगचा काळपट थर काढणारा आम्लाचा लेप) लावून, हातमोजे घालून ती धुऊन काढली. त्या पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असते आणि त्याची इजा जीवघेणी ठरू शकते, म्हणून हे काम कुणी घरी करून पाहू नये.

तळाच्या सर्वांत खालच्या जागी अडीच मिलीमीटरचे एक छिद्र ठेवले आहे, साचलेले पाणी निथळून जाण्यासाठी. बाजारातल्या माझ्या तीनपैकी एकाही सायलेन्सरला ते नव्हते.

आवाजाचे मोजमाप त्यांनी स्वतःच्या साउंड मीटरवर केले : उभ्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, पंचेचाळीस अंशांच्या कोनात, आधी जुना गळका सायलेन्सर ठेवून आणि मग नवा बसवून. फरक ९ डेसिबलचा आला. कानाला आवाज जवळजवळ निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. बुलेटचा ओळखीचा ठोका मात्र गेला नाही, आणि तो जाणारही नव्हता. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो, म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्यांवर सेकंदाला दहा. तो ठोका इंजिनाच्या घडणीतच आहे. कानठळ्या बसवतो तो त्याच्या वरचा कर्कश भाग, आणि आतले कप्पे व जाळी तोच शोषून आणि परतवून घेतात. ज्यांना वाटते की सायलेन्सर फोडल्याशिवाय बुलेट बुलेटसारखी वाटत नाही, त्यांनी एकदा पहाटे गगनबावड्याच्या रस्त्याला शाबूत सायलेन्सरची गाडी चालवून पाहावी.

एक दोष मात्र नोंदवायला हवा. सायलेन्सर बसवल्यावर सातव्या आठवड्यात मागच्या ब्रॅकेटचा सांधा तडकला. ३०४ हे साध्या लोखंडापेक्षा तापल्यावर जास्त पसरते. सातशे मिलीमीटर लांबीचा सायलेन्सर सरासरी तीनशे अंशांनी तापला तर लोखंड अडीच मिलीमीटरच्या आसपास वाढेल आणि ३०४ साडेतीन मिलीमीटरहून थोडे अधिक. पुढची बाजू इंजिनाला घट्ट, मागची बाजू गोल भोकातल्या बोल्टने घट्ट. वाढलेली लांबी जायची कुठे? ताण सांध्यावर आला. ज्या वर्कशॉपने धातूचा इतका खोल विचार केला, त्यांच्याकडून ही चूक व्हायला नको होती, कारण मूळ नमुन्यातले भोक लोखंडाच्या हिशेबाने केलेले आहे हे त्यांना ठाऊक होते. मालकांनी मात्र एका शब्दानेही वाद घातला नाही. त्यांनी ब्रॅकेट कापून नवे केले, त्यात लांबट खाच ठेवली, मध्ये उष्णता सोसणारा वॉशर दिला आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून सांधा शाबूत आहे.

पुढच्या तोंडाकडचा वीतभर भाग आधी सोनेरी आणि मग जांभळट-निळा झाला आहे. मला तो रंग आवडतो. क्रोमची शुभ्र चकाकी हवी असणाऱ्यांना आवडणार नाही, आणि बफिंग केले तरी महिन्याभरात तो परत येतो. एवढ्या एका कारणासाठी कुणाला क्रोमच घ्यायचा असेल तर त्याने तळाला निथळछिद्र तरी पाडून घ्यावे.

सगळे मिळून मला बाजारातल्या चांगल्या तयार सायलेन्सरच्या सुमारे तिप्पट खर्च आला, आणि काम सांगितल्यापासून गाडी हातात यायला पाच आठवडे लागले, त्यातले दोन नुसते लेझरच्या रांगेत गेले. पावसाळ्याच्या तोंडावर तिथे जाऊ नये, तेव्हा शेतीच्या इंजिनांची कामे आधी घेतली जातात. जाताना जुना सायलेन्सर, तो कितीही सडलेला असला तरी, सोबत न्यावा. त्याच्या आतल्या मापांवाचून ते काम हाती घेत नाहीत. गेल्या रविवारी मी निथळछिद्रात तार घालून पाहिली आणि खाली पांढरा कपडा धरला. चार थेंब पडले, काजळीने काळसर झालेले. लाल डाग एकही नव्हता.